शटडाऊनमधली शिधापेटी : एडिसन, न्यू जर्सी (प्रकल्प नोंदी, ऑक्टोबर-नोव्हेंबर 2025)

बुधवार, 22 ऑक्टोबर

शटडाऊनचा 22वा दिवस : निधीचं विधेयक अडल्यामुळे अमेरिकेचं केंद्र सरकार 1 ऑक्टोबरपासून ठप्प आहे. कृषी खात्याने 10 तारखेलाच राज्यांना पत्र धाडलं आहे : नोव्हेंबरच्या स्नॅपच्या (कमी उत्पन्नाच्या घरांना किराण्यासाठी मिळणाऱ्या सरकारी मदतीच्या) याद्या कार्ड कंपन्यांकडे पाठवू नका, थांबा. म्हणजे 1 नोव्हेंबरला कार्डं कोरी राहण्याची शक्यता आता नुसती चर्चा नाही.

गावाकडून विचारणा होते म्हणून एकदाच लिहून ठेवतो. स्नॅप म्हणजे आपलं रेशन नव्हे. रेशनमध्ये सरकार धान्य देतं. गोदाम असतं, दुकान असतं, काट्यावर मोजून मिळतं. इथे दर महिन्याला ईबीटी कार्डावर पैसे जमा होतात आणि माणूस नेहमीच्या दुकानात जाऊन खरेदी करतो. देशभरात सुमारे 4 कोटी 20 लाख लोक, महिन्याला सुमारे 8 अब्ज डॉलर. पैसे थांबले की मागे उघडायला गोदामच नाही. फूड बँका (दानाचं अन्न गोळा करून पुरवणाऱ्या संस्था) आहेत, पण स्नॅप नऊ जेवणं पुरवतं तेव्हा फूड बँकांच्या जाळ्यातून एक जातं, असं फीडिंग अमेरिका ही फूड बँकांची संघटनाच सांगते. त्यामुळे आपल्या पेट्या स्नॅपची जागा घेणार नाहीत. कुठली फट बुजवायची ते ठरवायचं, बस.

न्यू जर्सीत पैसे एकाच दिवशी पडत नाहीत. केस नंबरच्या सातव्या अंकानुसार महिन्याच्या पहिल्या पाच दिवसांत वाटून पडतात. म्हणून काहींची चणचण 1 तारखेला सुरू होईल, काहींची 5ला. आपलं वाटप यावर बेतायचं.

दुसरा गट बिनपगारी केंद्रीय कर्मचाऱ्यांचा. नुअर्क विमानतळावरचे सुरक्षा तपासनीस आपल्याच भागात राहतात. महिनाअखेरीस त्यांचा पहिला पूर्ण पगार बुडतो. 2019च्या कायद्याने मागचा पगार नंतर मिळतो खरा, पण घरमालक 1 तारखेलाच भाडं मागतो.

ठरलं : नवी पँट्री (गरजूंना फुकट शिधा देणारं केंद्र) काढायची नाही. फूड बँकेशी करार, विमा, फ्रिज, कीडनियंत्रणाची नोंद, अन्नहाताळणीचं प्रशिक्षण हे सगळं दहा दिवसांत उभं राहत नाही. चर्चच्या तळघरातली पँट्री गेली काही वर्षं चालू आहे आणि तिचा फूड बँकेशी करारही आहे. तिला जास्तीचे हात, जास्तीचा माल आणि आठवड्याला एक जादा पाळी द्यायची. मराठी शाळेतल्या पालकांकडे संकलन आणि पॅकिंग, पँट्रीवाल्यांकडे साठा आणि वाटप. किल्ली त्यांच्याकडेच राहील. दोन ठिकाणी किल्ल्या झाल्या की साठ्याचा हिशेब बिघडतो, हे आधीच बजावलं आहे.

शनिवार, 25 ऑक्टोबर

पहिलं संकलन. दिवाळी सोमवारीच झाल्यामुळे जे होणार होतं तेच झालं. साडेदहापर्यंत टेबलावर चकलीचे चार डबे, बेसन लाडूंचे तीन, शंकरपाळ्यांची एक मोठी पिशवी. सगळं घरचं, सगळं नाकारावं लागलं. घरी शिजवलेलं, घरी बरणीत भरलेलं (लोणचीसुद्धा) आणि फोडलेलं पाकीट पँट्रीत चालत नाही. लेबल नसलं की त्यात शेंगदाणा आहे की तीळ, हे घेणाऱ्याला कळायला मार्ग नाही. गहू, दूध, अंडी, मासे, कवचाचे जलचर, शेंगदाणे, काजू-बदाम वगैरे, सोयाबीन आणि तीळ ही नऊ ॲलर्जिक द्रव्यं इथे लेबलवर लिहावीच लागतात. आपल्या फराळात त्यातली चार-पाच सहज निघतात. नाकारताना माणसं दुखावतात. पुढच्या वेळी ही सूचना निरोपाच्या पहिल्या ओळीत जाईल, सातव्या ओळीत नाही.

दुसरी अडचण 20 पौंडी आट्याच्या पोत्यांची. लोकांनी प्रेमाने आणली, पण एका घराला 20 पौंड आटा जातो कुठे? फोडून 4 पौंडाच्या पिशव्या करायच्या तर स्वच्छ जागा, हातमोजे आणि प्रत्येक पिशवीवर नाव, घटक, ॲलर्जी, मूळ तारीख असं लेबल हवं. तळघरात ते जमणार नाही. पोती जशीच्या तशी शेल्फवर, ज्याला हवं त्याने अख्खं न्यावं. पुढे मागताना 'तांदूळ 10 पौंड, मसूर 2 किंवा 4 पौंड, बंद पाकीट' असं माप सांगूनच मागायचं.

वर्गवारीचे नियम भिंतीवर लावले :

शिवणीवर किंवा काठावर पोचा आलेला डबा बाद. मधल्या भागात बोट न बुडणारा उथळ पोचा चालतो. फुगलेला, गळणारा, पुसून न जाणारा गंज चढलेला डबा बाद.

'बेस्ट बाय' ही चवीची तारीख आहे. कोरडं धान्य आणि डबे ती उलटल्यावरही फूड बँकेच्या तक्त्यानुसार ठरावीक काळ चालतात. बाळाचा फॉर्म्युला मात्र तारखेनंतर एक दिवसही नाही.

बऱ्याच डब्यांवर तारीख बुडाला असते. आज दोन जण झाकणावरचा बॅच नंबर तारीख म्हणून वाचत होते.

बरेच देणगीदार 'कोणी आजारी पडलं तर आमच्यावर केस होईल का' असं विचारतात. 1996च्या बिल इमर्सन कायद्याने सद्भावनेने अन्न देणाऱ्याला संरक्षण आहे. घोर हलगर्जीपणाने किंवा जाणूनबुजून वाईट अन्न देणाऱ्याला नाही, आणि वर्गवारी त्यासाठीच आहे.

सोमवार, 27 ऑक्टोबर

पेटीत काय जावं यावर तीन तास वाद. नोंद सविस्तर ठेवतो, कारण चुकीची पेटी भरणं फार सोपं आहे.

फूड बँकांचा रूढ हिशेब 1.2 पौंडाला एक जेवण. चौघांचं घर, दिवसाला तीन वेळा, सात दिवस, म्हणजे 84 जेवणं, म्हणजे सुमारे 100 पौंड. आपली पेटी केळ्यांच्या खोक्यातली. ते भरून साधारण 34 पौंड होतं आणि त्याहून जड एकट्याने उचलू नये. 34 पौंड म्हणजे 28 जेवणं, सव्वादोन दिवस. 'आठवड्याची पेटी' असं पत्रकावर छापणार होतो, ते खोडलं.

पण वजनाचा हा हिशेब फसवा आहे. डब्याच्या वजनात पाणी आणि पत्रा असतो. 15 औंसांचा शिजवलेल्या राजम्याचा डबा पत्र्यासकट एक पौंडावर भरतो आणि आत जेमतेम 350 ते 400 कॅलरी. असे 20 डबे 22 पौंडांवर जातात आणि चौघांना एक दिवसही पुरत नाहीत (माणशी 2,000 धरून दिवसाला 8,000). उलट हे बघा :

तांदूळ 10 पौंड, सुमारे 16,500 कॅलरी.
अख्खा मसूर 4 पौंड, सुमारे 6,400.
तेल 1 क्वार्ट (साधारण एक लिटर), सुमारे 7,700.
ओट्सचा 42 औंसांचा डबा, सुमारे 4,500.
पीनट बटर 40 औंस, सुमारे 6,600.

एकूण वजन 21 पौंड, कॅलरी 41,000च्या वर. चौघांचे पाच दिवस. म्हणजे वजन तेवढंच आणि पोट भरतं पाचपट. मग उरलेल्या 13 पौंडांत डबाबंद टोमॅटो, भाज्या, फळं, टूना किंवा चणे, मीठ आणि हळद-तिखटाची छोटी पाकिटं. शेवटच्या ओळीवर 'मसाला ही चैन आहे' असा आक्षेप आला. नाही. मीठ-तिखट-तेल नसलेली डाळ दुसऱ्या दिवशी कोणी शिजवत नाही.

मात्र ही कोरडी 'अ' पेटी ज्याच्याकडे शेगडी आहे त्यालाच उपयोगी. रूट 1 महामार्गावरच्या मोटेलांत राहणारी कुटुंबं आहेत; त्यांच्याकडे मायक्रोवेव्ह आणि गुडघ्याएवढा फ्रिज. म्हणून 'ब' पेटी वेगळी : कडी ओढून उघडणारे डबे, 90 सेकंदांत होणारा तयार भात, बाहेर टिकणाऱ्या दुधाची खोकी, ओट्सची एकेरी पाकिटं, पीनट बटर, बिस्किटं, सफरचंद, चमचे. कडी नसलेला एकही डबा 'ब' पेटीत जाणार नाही. आणि 'अ' पेटीसाठी 40 साधे कॅन-ओपनर घेतले, कारण मागायला कोणी तोंड उघडत नाही, डबा तसाच पडून राहतो.

तिसरा टेबल पेटीबाहेरच्या वस्तूंचा. स्नॅपच्या पैशांत साबण, डिटर्जंट, टूथपेस्ट, डायपर, सॅनिटरी पॅड, गरम तयार जेवण यातलं काहीच घेता येत नाही. म्हणजे कार्ड चालू असलं तरी ही चणचण असतेच, आणि शटडाऊनमध्ये याचेही पैसे अन्नाकडे वळतात. डायपर आकार 4, 5 आणि 6 आधी संपतात. नवजाताचे पडून राहतात कारण बाळाच्या स्वागताला सगळे तेच आणतात.

बुधवार, 29 ऑक्टोबर

मालाची निवड, डाळीपासून.

आपल्या लोकांनी 60 पाकिटं तूरडाळ आणली. पँट्रीत येणारी निम्म्याहून अधिक घरं स्पॅनिश बोलणारी. तुरीला ती ओळखत नाहीत आणि कुकर नसेल तर तूर पाऊण तास घेते. अख्खा मसूर मात्र त्यांच्याकडे 'लेंतेहास' म्हणून रोज शिजतो, भिजवावा लागत नाही, 25-30 मिनिटांत होतो. काबुली चणा त्यांचा 'गार्बान्सो'. म्हणून सामाईक पेटीत मसूर आणि चणे. तूर, मूग, पोहे हे 'देशी शेल्फ'वर, मागेल त्याला. गुजराती, तेलुगू, मराठी घरं ते शेल्फ दहा मिनिटांत रिकामं करतात.

कोरडा राजमा पेटीतून काढला. इथे घरोघरी स्लो कुकर असतो आणि लोक सकाळी त्यात राजमा टाकून कामावर जातात. कच्च्या राजम्यातलं लेक्टिन मंद आचेवर नष्ट होत नाही. अर्धवट शिजलेला राजमा पोटाला कच्च्यापेक्षाही वाईट. पाच तास भिजवून, ते पाणी फेकून, नव्या पाण्यात खळखळून अर्धा तास उकळावा लागतो. ही सूचना तीन भाषांत छापण्यापेक्षा डब्यातला राजमा बरा. इथे वजनाचा तोटा सोसला.

शाकाहारी खूण (हिरवा गोल) आपण लावायची तर लेबल वाचूनच. कालच्या खोक्यात सापडलेलं : रीफ्राइड बीन्समध्ये डुकराची चरबी (लेबलवर 'लार्ड' किंवा 'मांतेका'), स्पॅनिश राइसच्या पाकिटात चिकन पावडर, टोमॅटो सूपमध्ये काही नाही पण शेजारच्या भाज्यांच्या सूपमध्ये बीफचा रस्सा, मार्शमॅलोत जिलेटिन. 'व्हेजिटेबल' हा शब्द डब्यावर मोठा असला की तो शाकाहारी असतो असं नाही. हा टेबल दोन आज्जींकडे दिला आहे. चष्मा लावून बसतात आणि त्यांच्या हातून एकही निसटत नाही.

कांदे-बटाटे एका पिशवीत भरू नयेत. बटाट्यांना लवकर कोंब येतात. प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत कांद्याला पाणी सुटतं. जाळीची पिशवी किंवा कागदी.

शुक्रवार, 31 ऑक्टोबर

आज ऱ्होड आयलंड आणि मॅसॅच्युसेट्स अशा दोन ठिकाणच्या केंद्रीय न्यायाधीशांनी आकस्मिक निधी वापरून स्नॅप चालू ठेवण्याच्या बाजूने निर्णय दिले. दुपारपासून फोन : 'मग उद्या येतील ना पैसे?' नाही. निकाल लागला, मग खात्याने रक्कम ठरवायची, राज्याने प्रत्येक घराची यादी नव्याने काढायची, ती कार्ड कंपनीकडे जायची, मग जमा. काही दिवस जाणारच. वाटप जसंच्या तसं.

ओक ट्री रोडवरच्या काही किराणा दुकानदारांनी ईबीटी कार्डवाल्यांना 10 टक्के सूट देण्याची तयारी दाखवली. हेतू चांगला, पण नियमात बसत नाही. स्नॅपचा परवाना असलेल्या दुकानाने कार्डवाल्यांना इतरांपेक्षा वेगळी वागणूक द्यायची नाही, वाईट नाही तशी चांगलीही नाही, आणि कृषी खात्याने दुकानांना त्याची आठवण करून दिली आहे. परवाना जाण्याची जोखीम त्यांनी घेऊ नये. त्याऐवजी दोन मार्ग सुचवले : सूट सरसकट सगळ्यांना, किंवा पँट्रीला घाऊक भावाने माल. दुसरा मान्य झाला. तांदूळ आणि तेल त्यातूनच.

खरेदीची बारीक गोष्ट : न्यू जर्सीत किराण्यावर सेल्स टॅक्स नाही, साबण-डिटर्जंटवर 6.625 टक्के आहे. चर्चच्या एसटी-5 या करमाफीच्या प्रमाणपत्रावर तो वाचतो, पण पैसे चर्चच्या कार्डाने किंवा चेकने गेले पाहिजेत. स्वयंसेवकाने स्वतःच्या कार्डाने भरून नंतर बिल लावलं तर सूट नाही.

विमानतळ कर्मचाऱ्यांसाठी टर्मिनलवर जाऊन पेट्या देण्याची कल्पना बाजूला ठेवली. केंद्रीय कर्मचाऱ्याला पदामुळे मिळालेल्या भेटीवर बंधनं आहेत आणि ऐनवेळी तो बिचारा अडचणीत येतो. पँट्री सर्वांना खुली, तिथे गणवेश न घालता यावं, हा निरोप त्यांच्या युनियनमार्फत गेला. वेळ संध्याकाळी साडेसात ते नऊचीही ठेवली, कारण पहाटे तीनला पाळीवर जाणारा माणूस सकाळी दहाला रांगेत उभा राहू शकत नाही.

रविवार, 2 नोव्हेंबर

पहिलं मोठं वाटप. 'अ' पेट्या 96, 'ब' पेट्या 24. कार्डं कोरीच आहेत.

आज पहाटे घड्याळं एक तास मागे गेली. स्वयंपाकघरातलं घड्याळ ज्यांनी बदललं नाही ते नऊलाच हजर, आमचे दरवाजे दहाला. 40 माणसं थंडीत तासभर उभी. आत घेऊन बसवायला हवं होतं. खुर्च्या शेजारच्या सभागृहात रचून ठेवल्या होत्या, कोणाच्या लक्षात आलं नाही.

रांगेची पद्धत : दारात क्रमांकाचं टोकन, 15 मिनिटांना 12 टोकनं. टोकनाच्या मागे चारच प्रश्न : घरात किती माणसं, दोन वर्षांखालचं मूल आहे का, शेगडी आहे का, काय खात नाही. नाव, व्हिसा, पगार विचारायचा नाही. एच-1बीवाल्यांना स्नॅप मिळतच नाही आणि ग्रीनकार्डावर आलेल्या प्रौढांना बहुधा पाच वर्षं थांबावं लागतं. मुलाकडे राहायला आलेले आजी-आजोबा यात येतात. ते दारातून परत फिरू नयेत म्हणून 'कागद लागत नाहीत' ही पाटी मराठी, गुजराती, हिंदी आणि स्पॅनिशमध्ये. फक्त 'टीफॅप' मालाच्या (केंद्र सरकार फूड बँकांमार्फत देतं त्या अन्नाच्या) शेल्फला उत्पन्नाच्या स्वयंघोषणेची सही लागते, म्हणून ते शेल्फ आणि ती वही वेगळ्या कोपऱ्यात ठेवली. एकाच टेबलावर ठेवली तर लोकांना वाटतं सगळ्यालाच सही हवी.

फसलेलं : केळ्यांच्या खोक्यांच्या तळाला हवेसाठी मोठं भोक असतं. हळदीची पाकिटं, कॅन-ओपनर, टूनाचे छोटे डबे त्यातून गळून पडले. पार्किंगमध्ये 11 कॅन-ओपनर सापडले. उपाय : तळाला पुठ्ठा, तोही भोकापेक्षा सहा इंच मोठा, नाहीतर वजनाने दुमडून आत जातो. छोट्या वस्तू एका कागदी पिशवीत, ती पिशवी तांदळाच्या वर.

दुसरं : 34 पौंडांचं खोकं आणि बसने आलेली आई, कडेवर मूल. निम्म्या पेट्या दारातच फोडून दोन पिशव्यांत भराव्या लागल्या. पुढच्या वेळी 30 पेट्या आधीच दोन दुहेरी पिशव्यांत.

शेवटी 'अ' पेट्या संपल्या, रांगेत 22 घरं. त्यांना शेल्फवरून निवडून घ्यायला दिलं. गंमत म्हणजे त्या 22 घरांनी मागे काहीच सोडलं नाही, तर पेटीवाल्यांपैकी काहींनी नको असलेले डबे दारातल्या 'परत' टेबलावर ठेवले होते, 60च्या आसपास. वेळ लागतो पण निवडीने माल वाया जात नाही. दोन्हीचा मेळ : कोरडं धान्य ठरलेलं, डबे निवडून.

गुरुवार, 6 नोव्हेंबर

काल शटडाऊनने 35 दिवसांचा जुना विक्रम मोडला. सोमवारी सरकारने स्नॅपची अर्धी रक्कम देऊ म्हटलं, काल रात्री ती 65 टक्के केली. '65 टक्के मिळणार' हे ऐकून लोक हिशेब मांडताहेत आणि तो चुकतो आहे. कपात मिळणाऱ्या रकमेवर नाही, कमाल रकमेवर आहे.

चौघांच्या घराची कमाल रक्कम 994 डॉलर. त्यातून निव्वळ उत्पन्नाचे 30 टक्के वजा होतात. निव्वळ उत्पन्न 1,500 असेल तर 450 वजा, नेहमी मिळतात 544. आता कमाल 646 धरली. त्यातून तेच 450 वजा, हाती 196. म्हणजे 65 नाही, 36 टक्के. निव्वळ उत्पन्न 2,000 असेल तर 394च्या जागी 46. सोमवारची 50 टक्क्यांची योजना राहिली असती तर या दुसऱ्या घराला शून्य. काहीच उत्पन्न नसलेल्या घरालाच खरे 65 टक्के मिळतात.

या हिशेबावरून वाटप बदललं. उत्पन्न नसलेल्या घरांना पेटी दर आठवड्याला. कमी पगारावर राबणाऱ्या, मुलं असलेल्या घरांची तूट टक्क्यांनी सर्वांत मोठी. त्यांना पेटीशिवाय 25 डॉलरची किराणा गिफ्ट कार्डं, माणसांनुसार दोन ते चार. दूध, भाजी, अंडी आपल्याला साठवता येत नाहीत, ती त्यांनी घ्यावीत. कार्डांची वही वेगळी : क्रमांक, ॲक्टिव्हेशनची पावती, टोकन क्रमांक. पावती टाचल्याशिवाय कार्ड हातातून सोडायचं नाही. काउंटरवर ॲक्टिव्हेट व्हायचं राहिलेलं कार्ड तिकडे गल्ल्यावर नाकारलं जातं आणि मागे उभी असलेली रांग बघत राहते.

दुपारी बातमी : ऱ्होड आयलंडचे केंद्रीय न्यायाधीश जॉन मॅककॉनेल यांनी उद्यापर्यंत पूर्ण रक्कम द्यायचा आदेश दिला. वाटप तसंच.

शनिवार, 8 नोव्हेंबर

काल काही राज्यांनी पूर्ण रक्कम कार्डांवर टाकायला सुरुवात केली. रात्री उशिरा सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती केतांजी ब्राऊन जॅक्सन यांनी आदेशाला तात्पुरती स्थगिती दिली. आज कृषी खातं राज्यांना सांगतं आहे की दिलेलं मागे घ्या. कोणाच्या कार्डावर काय आहे ते शेजाऱ्याच्या कार्डावरून सांगता येत नाही. दारात एकच उत्तर द्यायचं : कार्डामागच्या नंबरवर फोन करून शिल्लक ऐका. ऑक्टोबरची उरलेली रक्कम वापरता येतेच. 'तुमचे पैसे सुटले, इथे क्लिक करा' असे मेसेज फिरताहेत. त्यात कार्ड नंबर किंवा पिन घालायचा नाही. घातला असेल तर आधी पिन बदला, मग पुढचं बोलू.

तातडीचं : बाळांच्या एका फॉर्म्युल्याच्या दोन लॉटचा बोटुलिझम या गंभीर विषबाधेच्या संशयावरून रिकॉल (कंपनीने माल परत बोलावला). शेल्फवरचे सगळे फॉर्म्युले उतरवून लॉट नंबर तपासले. आपल्याकडे निघाला नाही, पण गेल्या आठवड्यात काय गेलं ते सांगता येत नाही, कारण लॉट नोंदवत नव्हतो. आजपासून फॉर्म्युल्याचा ब्रँड, लॉट आणि टोकन क्रमांक वहीत. (12ची पुरवणी : 11 तारखेला त्या ब्रँडचा सगळाच माल परत बोलावला. टोकनावर 'दोन वर्षांखालचं मूल : हो' असलेल्या सर्व घरांपर्यंत निरोप पोचवला.) विक या योजनेची (गरोदर बाया, बाळंतिणी आणि लहान मुलांसाठीच्या सरकारी पोषण मदतीची) मदत अजून चालू आहे, ऑक्टोबरमध्ये तिला आयातशुल्काच्या निधीतून 30 कोटी डॉलर मिळाले होते, फॉर्म्युला लागणाऱ्या घरांना आधी तिकडे पाठवायचं.

दूध : 14 गॅलन कूलरमध्ये, दाराशी. साडेदहाला 38 अंश फॅरनहाइट, अकराला 46. दाराच्या काचेतून ऊन थेट झाकणावर आलं होतं आणि झाकण सतत उघडत होतं. मर्यादा 41. अर्ध्या तासापूर्वीची नोंद वहीत होती म्हणून फार वेळ झाला नाही हे नक्की कळलं. दूध लगेच आतल्या फ्रिजमध्ये, तपमान उतरल्यावर वाटलं. ती नोंद नसती तर 14 गॅलन मोरीत. कूलर आता जिन्याखाली, दोन कूलर : एक उघडायचा, एक बंद ठेवायचा.

गुरुवार, 13 नोव्हेंबर

काल रात्री निधीच्या विधेयकावर सही झाली, 43 दिवसांनी सरकार उघडलं. स्नॅपला 30 सप्टेंबर 2026पर्यंत निधी. इतर बऱ्याच खात्यांना 30 जानेवारीपर्यंतच, म्हणजे विमानतळावरची माणसं तेव्हा पुन्हा त्याच जागी येऊ शकतात.

दोन स्वयंसेवकांनी विचारलं, आता रविवार बंद करायचा का. नाही. कार्डावर पैसे आज-उद्या पडतील, पण या दोन आठवड्यांत भाड्याचा दंड, उधारी, क्रेडिट कार्डावरचा किराणा असं बरंच अंगावर आलेलं असतं. नोव्हेंबरची रक्कम उशिरा आली म्हणून आधी झालेलं कर्ज फिटत नाही. किमान 23पर्यंत दोन्ही पाळ्या.

रविवार, 16 नोव्हेंबर

पेट्या 96, गेल्या 71. रांग लहान, प्रश्न लांब. 'सगळ्यांचे आले, माझे नाही' असं म्हणणारी नऊ घरं. शटडाऊनचा संबंध नसलेली कारणं निघाली : नूतनीकरणाचा फॉर्म राहिला, पत्ता बदलल्यामुळे पत्र पोचलं नाही, आणि कामाच्या अटीचा नवा नियम. गेल्या जुलैच्या कायद्याने महिन्याला 80 तास कामाची अट 64 वर्षांपर्यंत वाढली आहे, आणि सर्वांत धाकटं मूल 14 वर्षांचं झालेल्या पालकांनाही ती लागते. यांना पेटी दिली, पण खरं काम काउंटीच्या समाजसेवा कार्यालयाचं. फोन लावून देणारा एक माणूस टेबलावर बसवला, 211 या मदतीच्या हेल्पलाइनचे पत्ते हाताशी. हा माणूस पहिल्या दिवसापासून हवा होता.

रविवार, 23 नोव्हेंबर

फूड बँकेकडून थँक्सगिव्हिंगसाठी 20 गोठलेल्या टर्क्या. देण्याआधी दोन प्रश्न : ओव्हन आहे का, फ्रिजमध्ये चार दिवस जागा आहे का. 15 पौंडांचा पक्षी फ्रिजमध्ये वितळायला तीन दिवसांवर लागतात (चार-पाच पौंडांना 24 तास), आणि ओट्यावर वितळवला तर बाहेरून सडतो, आतून बर्फ. 13 गेल्या. उरलेल्या सात मोठ्या, त्या चर्चच्या फ्रीझरमध्ये. मोटेलवाल्यांना त्याऐवजी भाजलेल्या कोंबडीसाठी गिफ्ट कार्ड, कारण ती गरम मिळते आणि स्नॅपवर येत नाही.

साठा मोजून पँट्रीच्या वहीत चढवला : 'अ' पेट्या 11, तांदूळ 10 पौंडी 34, मसूर 4 पौंडी 19, तेल 22 क्वार्ट, तूरडाळ 8 (52 गेली, देशी शेल्फवरून), आट्याची 20 पौंडी पोती 3, नवजाताचे डायपर 9 पाकिटं. आट्यावरची तारीख फेब्रुवारीची. दोन पोती उद्या गुरुद्वाऱ्याच्या लंगरला जातील, तिथे एका सकाळीत संपतील. एक इथे. कॅन-ओपनर 3 उरले, 30 मागवले. जानेवारीचा शेवटचा रविवार, 25 तारीख, कॅलेंडरवर लाल केला आहे. पेट्यांचे पुठ्ठे कापून ठेवायचं काम मराठी शाळेच्या आठवीकडे.